आचारसंहितेची तालीम

तिसऱ्या तालमीतही ठोंबरे काका निघून गेले.

प्रत्यक्षात ते कुठेही गेले नव्हते. त्या सकाळी ते अमरावतीला आपल्या घराच्या ओट्यावर बसून कोणाच्या तरी कोडमधल्या चुका काढत होते आणि नेहमीच्या भाषेत त्या कळवतही होते. निघून गेली होती ती त्यांची नक्कल, हर्षल बोरसेच्या यंत्रातली. तरीही मिरजेत पडद्यासमोर बसलेल्या रेवती हिरेमठला क्षणभर घरातलेच कोणी उठून गेल्यासारखे वाटले.

"पुन्हा?" तिने विचारले.

"पुन्हा," जळगावहून हर्षल म्हणाला. "या वेळी थोडे जास्त टिकले, एवढंच."

रेवती व्यवसायाने श्रवणतज्ज्ञ. दिवसभर रुग्णालयात लोकांचे कान तपासायचे आणि उरलेला वेळ 'कानोसा'ला द्यायचा, हा तिचा कित्येक वर्षांचा क्रम होता. 'कानोसा' ही कंपनी नव्हती. गाणी ऐकण्यासाठी लोक कानात घालतात त्या साध्या इअरबडचे श्रवणयंत्र करून देणारी ती एक मोफत प्रणाली होती. ती लिहिणारे, तपासणारे, सुधारणारे दीडेकशे स्वयंसेवक अमरावतीपासून अबुधाबीपर्यंत विखुरलेले होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेले नव्हते. इअरबडमधल्या चिप अलीकडे इतक्या सक्षम झाल्या होत्या की पूर्वी महागड्या यंत्रांनाच जमणारी कामे आता बाजारातल्या कोणत्याही बडमध्ये होऊ शकत. फक्त कोणीतरी बसून ते सारे लिहायला हवे होते.

समूहाच्या दोन रीती होत्या. कोणी नवा कोड पाठवला की एखादा जुना सभासद तो ओळीओळीने तपासून आपले मत सर्वांना दिसेल अशा पानावर लेखी देई. आणि दर रविवारी सकाळी मंडळी 'कट्ट्या'वर जमत. कट्टा म्हणजे इंटरनेटवरची, केवळ आवाजाची भेट. चित्र नाही, ध्वनिमुद्रण नाही. लोक तिथे आपल्या कानांविषयी, आपल्या घराविषयी बोलत, आणि त्याची कुठे नोंद राहू नये असे पहिल्याच वर्षी ठरले होते.

लेखी पानावर ठोंबरे काकांचा दरारा होता. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले हे अभियंते पत्नीसाठी, मालूकाकूंसाठी, 'कानोसा'त आले. काकूंना यंत्र बसले, काका मात्र इथेच रमले. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नसे आणि त्यांच्या बोटांना शब्द आवरत नसत. 'हे झोपेत लिहिलं का?' हा त्यातल्या त्यात सौम्य शेरा. रेवतीच्या पहिल्या कोडवर त्यांनी लिहिले होते, 'डॉक्टरीणबाई, तुम्ही कानच तपासा.' ती रडकुंडीला आली होती. पण त्याच रविवारी कट्ट्यावर त्यांनी तिला बसवून घेतले, सगळा कोड तिच्याकडूनच दुरुस्त करवला आणि शेवटी म्हणाले, "डोकं आहे तुले, पोरी. माह्या बोलण्याचा राग नको धरू बा." त्या दिवसापासून ती त्यांची लेकच झाली. समूहातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे काकांची अशी एक गोष्ट होती. आधी शेरा, मग कट्टा.

पेच पडला तो निलोफर अत्तारच्या कोडवरून.

श्रवणयंत्राचा एक जुना आजार आहे. कानात मोठा करून सोडलेला आवाज फटीतून बाहेर झिरपतो, यंत्राचा माइक तोच पुन्हा पकडतो, पुन्हा मोठा करतो, आणि असा स्वतःचाच आवाज फिरून फिरून कानात तीक्ष्ण शिट्टी वाजू लागते. यावर 'कानोसा'चा उपाय सरळ होता. एकसुरी, लांबलेला, टोकदार सूर दिसला की तो कापून टाकायचा. अडचण एवढीच की कुकरची शिट्टीही अशीच असते. हजारो घरांत 'कानोसा' लावलेल्या बायका स्वयंपाकघरात उभ्या असत, शेजारी शिट्ट्यांवर शिट्ट्या होत आणि त्यांच्या कानांपर्यंत फक्त वाफेची फुसफुस पोहोचे.

इचलकरंजीच्या निलोफरने यावर तोड काढली होती. ती स्वतः लहानपणीच्या एका आजारापासून श्रवणयंत्र वापरणारी. तिच्या कोडमध्ये संशयित सूर ऐकू आला की यंत्र आपल्या आवाजाची पट्टी कळेल न कळेल इतकी सरकवून पाही. आपण आरशासमोर किंचित हललो तर प्रतिबिंबही हलते, समोर उभा असलेला खरा माणूस हलत नाही. तसेच, सूर आपल्याबरोबर सरकला तर तो आपलाच प्रतिध्वनी, कापून टाकावा. जागचा हलला नाही तर तो बाहेरच्या जगातला, ऐकू द्यावा.

काकांनी कोड तपासला. दोन तांत्रिक त्रुटी दाखवल्या आणि खाली लिहिले, 'एवढा खटाटोप कुकरच्या शिट्टीसाठी? घरात माणसं नाहीत काय?'

निलोफरने उत्तर दिले नाही. त्रुटीही दुरुस्त केल्या नाहीत. तिचा कोड त्या शेऱ्याखाली तसाच पडून राहिला. नव्या पोरांनी पानावर गदारोळ केला. अशी भाषा चालणार असेल तर आम्ही कशाला थांबायचे, आपल्याला लेखी आचारसंहिता हवी, असे त्यांचे म्हणणे. नेमके त्याच सुमारास आरोग्य खात्याकडून विचारणा आली. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून 'कानोसा' देण्याचा विचार होता, मात्र समूहाची आचारसंहिता असणे ही पूर्वअट होती. मसुदा लिहिण्याचे काम सर्वानुमते रेवतीकडे आले. सगळ्यांशी चांगले संबंध असण्याचा हा तोटा.

हर्षलची 'तालीम' तेव्हाच कामाला आली. समूहांचे वर्तन हा त्याच्या संशोधनाचा विषय. माणसाने वर्षानुवर्षे लिहिलेले सारे वाचून त्याच्या बोलण्याची, चिडण्याची, गप्प होण्याची ढब शिकणारे एक छोटे प्रारूप करता येते, म्हणजे त्या माणसाची नक्कलच. अशा दीडशे नकला एकत्र सोडायच्या, त्यांच्यापुढे नियमांचा मसुदा ठेवायचा आणि काळ पुढे पळवायचा. एक फेरी म्हणजे निव्वळ योगायोग, पण त्याच परिस्थितीतून शेकडो फेऱ्या केल्या की काय घडण्याची शक्यता किती, हे दिसू लागते. नाटक लोकांपुढे येण्याआधी तालमीत त्याचे दोष कळतात, तसे नियमाचे दोष नियम लागू होण्याआधी कळावेत, अशी कल्पना होती. प्रत्येकाची संमती घेतली होती. काकांनी ती लगेच दिली. "माही नक्कल करता? करा. हयातीच्या दाखल्याले तिलेच पाठवीन मी."

पहिला मसुदा मवाळ होता. तालमीत नवे लोक गळत गेले, आणि शिकवायला कोणी उरले नाही तेव्हा काकाही. दुसरा कडक होता. त्यात काकांना समज मिळाली, ते गेले, त्यांच्यामागे जुने चार तपासनीस गेले आणि न तपासलेल्या कोडचा ढीग साचून 'कानोसा' हळूहळू थंडावला. तिसऱ्यात रेवतीने मध्यममार्ग काढला होता. त्याचा निकाल आत्ता समोर होता.

"तुझ्या यंत्राला काका कळलेच नाहीत," ती म्हणाली. "कट्ट्यावरचे काका त्याने कुठे ऐकलेत? त्या शेऱ्यानंतरच्या रविवारी कोणीतरी सांगितलं, निलोफरच्या वडिलांनाही ऐकू येत नाही, घरात दोघंच असतात. काका लगेच म्हणाले, 'गाढव आहे मी, चुकलो.' सगळ्यांनी ऐकलं. तिथेच मिटलं ते."

"मान्य. कट्ट्याची नोंद नाही, म्हणून यंत्राला तो माहीत नाही," हर्षल म्हणाला. "पण मला दुसरीच गोष्ट खटकतेय. निलोफरची नक्कल एकाही तालमीत परत आलेली नाही. नियम मवाळ ठेवले तरी नाही, कडक केले तरी नाही. आणि खरी निलोफरही आलेली नाही. मिटलं असेल, तर ती आली का नाही?"



त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. तालमींपासून तिचे त्यांच्याशी बोलणे बदलले होते, आणि ते तिलाही कळत होते. ती शब्द मोजून वापरू लागली होती. त्यांनी विनोद केला की आवश्यकतेपेक्षा जास्त हसत होती.

"काय वं," काका म्हणाले, "अशी काहून बोलून राहिली माह्याशी? मयतीले आल्यासारखी."

"नाही काका. कामाचा ताण आहे जरा."

"मले नको शिकवू. ते तुमची तालीम झाली म्हणतात. माही नक्कल काय करते तिथं?"

तालमीत दिसलेले त्या माणसाने स्वतः विचारल्याशिवाय त्याला सांगायचे नाही, अशी हर्षलची अट होती. आता त्यांनी स्वतःच विचारले होते.

"निघून जाते," रेवती म्हणाली.

"कुठं जाते? मालू मले भाजीबाजारात एकटं जाऊ देत नाही!" ते मोठ्याने हसले. मग हसणे थांबले. "प्रत्येक वेळी?"

"तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा."

"हं," काका म्हणाले. आणि पावसाळ्याआधी कौले शाकारायची आहेत, असे काहीतरी बोलून त्यांनी फोन ठेवला.

* * *

शनिवारी रुग्णालयातून सुटल्यावर रेवतीने इचलकरंजीची एसटी पकडली. निलोफरला आधी संदेश पाठवला होता. उत्तर आले होते, 'या ताई. पण जेवूनच जायचं.'

घर यंत्रमागांच्या वस्तीत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी मागांचा खडखडाट अखंड चालला होता. निलोफरच्या वडिलांनी उभे आयुष्य त्या आवाजात काढले होते आणि त्या आवाजानेच त्यांचे कान नेले होते. ते दारात उभे होते. त्यांनी रेवतीच्या ओठांकडे नीट पाहत तिचे नाव ऐकले आणि खुर्ची पुढे केली.

स्वयंपाकघरात कुकर गॅसवर होता. निलोफर त्याच्या समोर, शिट्टीकडे तोंड करून उभी होती.

"सॉरी ताई, हलता येत नाही," ती हसत म्हणाली. "शिट्टी उडताना बघूनच मोजायची. मागच्या महिन्यात फोन थरथरला म्हणून वळले, तर डाळीचा कोळसा. अब्बांना वास आला म्हणून वाचलो."

"तुझा कोड तुझ्या यंत्रात नाही घातलास?"

"घातला होता. मग काढून टाकला." तिने गॅस बंद केला आणि आता पूर्ण वळून रेवतीसमोर बसली. "रोज शिट्टी ऐकू आली की ते वाक्य आठवायचं. घरात माणसं नाहीत काय. आहेत की. हे काय, दोन माणसं आहेत."

"पण काकांनी चूक मान्य केली ना," रेवती म्हणाली. "सगळ्यांसमोर. गाढव म्हणाले स्वतःला."

"कधी?" निलोफरने विचारले.

"कट्ट्यावर. पुढच्याच रविवारी."

"ताई," निलोफर अगदी शांतपणे म्हणाली, "मी कट्ट्यावर येत नाही. दोनदा आले होते, सुरुवातीला. आठ-दहा जण एकदम बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडतात, मधेच हसतात. चेहरे दिसत नाहीत. मला फक्त गलका कळतो. माझ्यासारखे जे आहेत ना आपल्यात, यंत्र वापरणारे, त्यांतलं कुणीच येत नाही तिथं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

रेवतीला माहीत नव्हते. रुग्णांच्या नातेवाइकांना ती रोज एकच गोष्ट बजावत आली होती. समोर या, एका वेळी एकाने बोला. आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी झटणाऱ्या तिच्याच समूहाने मायेचे, समजुतीचे, माफीचे जे काही होते ते सारे अशा जागी नेऊन ठेवले होते जिथे त्या लोकांना प्रवेशच नव्हता. त्यांच्या वाट्याला उरले होते ते केवळ लेखी पान. कट्ट्यावरची मंडळी आपलाच आवाज आपल्या कानांनी ऐकून समाधानी होती.

हर्षलच्या यंत्राचे काही चुकले नव्हते, हेही तिच्या ध्यानात आले. त्या यंत्रातले काका आणि निलोफरला माहीत असलेले काका, दोघेही फक्त लिहिलेल्या शब्दांचे बनलेले होते. त्यांच्यात काडीचाही फरक नव्हता.

"जेवा आधी," अब्बा म्हणाले. "थंड होतंय."

* * *

परतताना एसटीतच तिने नवा मसुदा मनात मांडला, आणि घरी आल्यावर काकांना फोन केला.

निलोफरच्या घरचे सगळे तिने सांगितले. मग तिने नवे कलम वाचून दाखवले. 'जिथे दुखावले, तिथेच मागे घ्यावे. लेखी पानावर दुखावले असेल तर शब्द त्याच पानावर, सर्वांना दिसेल असे, मागे घ्यावेत.'

"म्हणजे मी लेखी माफी मागायची," काका म्हणाले.

"हो काका."

"तुले माहीत आहे का, लेखी माफीनामा काय असते? आमच्या खात्यात साहेबाले माणूस मोडायचा असला की तो लेखी मागे. सर्व्हिस बुकात लागे तो. निवृत्त होईस्तोवर त्याच्याखाली दबून राहायचं. मी तेवढी वर्षं काढली, एकालेही लेखी दिलं नाही. बदली घेतली, पण दिलं नाही."

"हे खातं नाही काका."

"लेखी ते लेखीच." त्यांचा आवाज चढला. "मी बोललो ना, चुकलो म्हणून! त्या पोरीले फोन करून सांगतो पाहिजे तर."

"फोनवर तिला नीट ऐकू येत नाही."

काकांच्या मागे कुठेतरी मालूकाकू भांडी लावत होत्या.

"त्या यंत्रानं बरोबर सांगितलं मग," काका शेवटी म्हणाले. "ठेवा तुमचं कलम. काढून टाका मले."

दुसऱ्या दिवशी काका कट्ट्यावर आले नाहीत. पुढच्या आठवड्यात लेखी पानावरही त्यांचा एक शेरा उमटला नाही. तपासणीसाठी आलेला कोड साचू लागला. हर्षलने तालमीचा आलेख पाठवला नाही, रेवतीने मागितला नाही. तो कसा दिसत असेल, हे दोघांनाही ठाऊक होते.

कलम काढून टाकणे सोपे होते. ते कोणीही मागितलेले नव्हते. ते काढले असते तर काका दोन दिवसांत 'काय वं डॉक्टरीणबाई' म्हणत परतले असते, आणि निलोफरसारखे लोक नेहमीप्रमाणे आवाज न करता गेले असते. कोणी गेले हेसुद्धा कोणाला कळले नसते. मतदान रविवारी होते. रेवतीने मसुदा कितीदा तरी उघडला आणि मिटला. शुक्रवारी दुपारी, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, तिला जाणवले की आपण काकांकडून एक गोष्ट मागतो आहोत जी या पानावर आजवर कोणीच केलेली नाही. तिनेही नाही.

तिने निलोफरच्या कोडचे पान उघडले आणि काकांच्या शेऱ्याखाली लिहिले :

'निलोफर, काकांचा हा शेरा लागला त्यानंतरच्या रविवारी आम्ही कट्ट्यावर हा विषय मिटवून टाकला. तू तिथे नव्हतीस, आणि तू का नव्हतीस हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मी श्रवणतज्ज्ञ आहे. मला तर विचारायला हवंच होतं. ते माझं चुकलं. तुझं तुला न विचारता मिटलं असं म्हणणं मी मागे घेते. रेवती.'

संध्याकाळपर्यंत खाली आणखी काही नोंदी आल्या. अबुधाबीच्या एकाने लिहिले, 'मीही होतो त्या कट्ट्यावर. हसलोही होतो. माफ कर.' मग नाशिकची एक मुलगी, मग आणखी दोघे. कोणाला समज दिलेली नव्हती, कोणाच्या सर्व्हिस बुकात काही लागणार नव्हते.

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच रेवतीला हर्षलचा संदेश आला. 'पान बघ. लगेच.'

पानावर लिहिले होते :

'प्रति, श्रीमती निलोफर अत्तार.

विषय : माझा शेरा मागे घेण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या कोडवर माझा जो शेरा आहे त्यातील शेवटची दोन वाक्ये मी मागे घेत आहे. ती लिहिताना आपल्या घरची परिस्थिती मला ठाऊक नव्हती. ठाऊक नसताना लिहू नये हे मी इतरांना नेहमी सांगतो. त्या वाक्यांमुळे आपणांस जो त्रास झाला त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते. आपला कोड चांगला आहे. आरशाची युक्ती मला सुचली नसती.

आपला, दिगंबर ठोंबरे.

ता. क. आमच्या घरातला माणूस, म्हणजे मी, गेली कित्येक वर्षे हातातले काम टाकून शिट्टी मोजायला उठतो. तुमचे पान मालूने वाचले. ती म्हणाली, "तुम्ही उठता म्हणून मिरवता, पण मले माह्या कानानं ऐकायची असंल तर?"

ता. क. २. आधी दाखवलेल्या दोन्ही त्रुटी अजून तशाच आहेत. दुसरीत, आवाज पूर्ण बंद असताना, शून्याने भागाकार होईल. झोपेत लिहिल्यासारखे वाटते. पाहावे.'

रेवती हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले.

तिच्या डोळ्यांदेखतच खाली उत्तर उमटले. 'दोन्ही दुरुस्त केल्या, काका. पुन्हा तपासाल का? आणि महोदया नको. निलोफर चालेल.'

हर्षलचा फोन आला. "मी काकांच्या नकलेला हेच करायला लावून पाहत होतो," तो म्हणाला. "शेकडो फेऱ्या. एकदाही तिने असं काही लिहिलं नाही. लिहिणारच नाही. खऱ्या काकांनीच कधी लिहिलं नव्हतं, ती शिकणार कुठून?"

"आता शिकेल."

"चौथी तालीम लावू? निकाल नक्की वेगळा येईल."

रेवतीने खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या इमारतीत कोणी तरी तंबोऱ्याच्या तारा जुळवत होते.

"नको," ती म्हणाली. "प्रयोग उद्यावर आलाय. आता कसली तालीम?"

* * *

आचारसंहिता रविवारी मंजूर झाली. ती काही आदर्श नव्हती. एका कलमावर चिकार वाद झाला, वारंवार दुखावणाऱ्याला काही काळ बाहेर ठेवण्याचे कलम काहींना मवाळ वाटले आणि काहींना जाचक. पण 'जिथे दुखावले, तिथेच मागे घ्यावे' यावर कोणी बोट ठेवले नाही. कट्ट्यासाठीही नियम आला. एका वेळी एकानेच बोलायचे, बोललेले त्याच क्षणी पडद्यावर अक्षरांत उमटायचे आणि कट्टा संपला की ती अक्षरे पुसली जायची. तक्रारी ऐकण्याचे काम पाळीपाळीने सगळ्यांकडे जाणार होते.

निलोफरचा कोड मुख्य आवृत्तीत गेला आणि 'कानोसा' वापरणाऱ्यांच्या कानांत उतरला. त्यानंतरच्या कट्ट्यावर नेहमीपेक्षा दुप्पट माणसे होती. काही नावे रेवतीने आजवर फक्त लेखी पानावर पाहिली होती. ती एकेक करून बोलत होती, काही जण नुसतेच टंकून बोलत होते, आणि इतक्या वर्षांत प्रथमच कट्ट्यावर दोन वाक्यांच्या मधली शांतता ऐकू येत होती.

पाळीची वाट पाहणे काकांना जड जात होते. त्यांच्या नावापुढे हाताची खूण लागे, जाई, पुन्हा लागे.

निलोफरची पाळी होती. ती पुढच्या कामाविषयी, दारावरच्या घंटेविषयी सांगत होती. तेवढ्यात अमरावतीच्या माइकमधून एक लांब, करकरीत शिट्टी आली. पडद्यावर अक्षरे उमटली : 'कुकरची शिट्टी'. निलोफर बोलता बोलता थांबली.

काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आणि लगेच, माइकपासून दूर, मालूकाकूंचा आवाज आला. तोही अक्षरांत उमटला.

'ऐकली मी! बसा तुम्ही. दोन झाल्या, तिसरीले बंद करते.'

काकांच्या नावापुढे हाताची खूण लागली आणि या वेळी ती तशीच राहिली.

"काका," निलोफर म्हणाली, "माझी पाळी तुम्ही घ्या."

काकांनी घसा खाकरला.

"विशेष काही नाही बा," ते म्हणाले. "शिट्टी झाली, अन् मी बसून आहे."